दुसऱ्याच्या हातचं पाणी

आई मामाला भेटायला तयार झाली ती दोन अटींवर. ती त्याच्या घरी जाणार नाही, आणि त्यानं आमच्या घरी यायचं नाही.

"मग भेटणार कुठं? रस्त्यावर?" मी विचारलं.

"ते तू बघ. तूच मागं लागलीस न्हवं," असं म्हणून ती पुन्हा मशीनवर वाकली. तिच्या हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही होती. चौदा वर्षं तिनं सख्ख्या भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तिला त्या बाहीचीच जास्त काळजी असल्यासारखी ती टाके बघत राहिली. आईचा राग असाच असतो. आवाज चढत नाही, भांडी आपटत नाहीत, फक्त ती कामाला लागते.

मी मागं लागले होते, कारण मामाचा फोन आला होता. मुखेडजवळच्या आमच्या आजोळी तो एकटाच राहतो. नांदेडच्या डॉक्टरनं त्याच्या हृदयाचं काही बरं सांगितलं नव्हतं. ऑपरेशन करा म्हणाले, पण वयाकडं बघून खात्री देईनात. मामा आईपेक्षा आठ वर्षांनी मोठा. तिला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलेलं त्यानं. तो आईला 'बाई' म्हणतो. फोनवर तो एवढंच म्हणाला, "पोरी, एकडाव बाईला भेटव. मंग काय व्हायचं ते व्हऊ दे."

मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. त्याला भेटायला गेल्या की त्या धरणाच्या पाण्याकाठी एका शेतकरी कुटुंबाच्या घरात उतरतात. खालची निम्मी जमीन पाण्यात गेल्यावर त्या लोकांनी वरच्या उंचवट्यावर दगडी घर बांधलं, आणि पुढं त्याला लागूनच चार खोल्या काढून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मुलांना भेटायला आलेले आईबाप, गुरुद्वाऱ्याला आलेली माणसं, असे लोक तिथं एकदोन दिवस राहतात. मालक बाजारहाट करतो, मालकीण स्वयंपाक करते. मी विचार केला, जागा ना आईची, ना मामाची. तिथं कुणी कुणाचा पाहुणा नाही. शनिवारची सकाळची शाळा उरकली आणि आईला गाडीत बसवलं.

निघताना आईनं पाच लिटरचा पाण्याचा कॅन मागच्या सीटवर ठेवला. घरच्या नळाचं, तिनं स्वतः गाळलेलं पाणी.

"आई, आपण धरणावर चाललोय. तिथं पाणी मिळेल."

"तिथं कोण भरतं, कोण देतं, मला काय ठाऊक?" ती म्हणाली. मी गाडी सुरू केली. पाण्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायचा मला हक्क नव्हता, आणि हे माझ्याशिवाय फक्त एका माणसाला माहीत होतं.

आता ते सांगायला हवं.

आजी गेली तेव्हा मे महिना होता. आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि चिता पेटलेली होती. आई स्मशानाआधीच्या ओढ्याच्या अलीकडंच थांबली. बायकांनी तिला धरलं, पण ती रडली नाही. तिनं मामाला सगळ्यांसमोर विचारलं, "एक घंटा थांबला न्हाईस? मायचं तोंड बघू दिलं न्हाईस मला?" मामा काहीच बोलला नाही. मग ती म्हणाली, "आजपासून तुझ्या घरचं पाणी मला नको," आणि तिथूनच माघारी फिरली. तेराव्यालाही गेली नाही. नंतर भावकीतलं कुणी भेटलं आणि म्हणालं, की अगं, सकाळपासून फोन लावत होतो आम्ही, तर ती म्हणायची, सगळे त्याचीच बाजू घेणार. आमच्याकडं दर दिवाळीत भाऊबीजेचा दिवस असा यायचा, की आई सकाळी उठून गोधड्या धुवायला काढायची. दिवसभर धूत बसायची.

हे आईला ठाऊक असलेलं. मला ठाऊक असलेलं वेगळं होतं.

त्या दिवशी लातूरला एका संस्थेत माझी शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या शिलाईवर आम्ही दोघी जगत होतो, आणि त्या जागेवर आम्ही किती डोळे लावून बसलो होतो हे आम्हालाच माहीत. आई माझ्यासोबत आली होती. निघताना तिनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली होती. संस्थेच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली आणि मी रांगेत. मोबाइल एकच, तो माझ्याकडं. अकरा वाजता मामाचा फोन आला. आजी गेली होती.

आई माझ्यापासून वीस पावलांवर होती. बाकावर बसून पदरानं वारा घेत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मामाला सांगितलं, "आम्ही निघतोच." फोन खिशात ठेवला. मनात हिशेब केला, की बारापर्यंत आपला नंबर लागेल, साडेबाराची बस धरू, चारपर्यंत पोचू. आजी तर गेलीच आहे, आता तासाभरानं काय बिघडतं. असा तो हिशेब होता. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पण चोवीस म्हणजे काही लहान नव्हे.

नंबर लागेना. दीड वाजता मामाचा पुन्हा फोन आला, "कुठवर आलात?" मी व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि वाटेवरच्या गावाचं नाव घेतलं, "चाकूरपर्यंत आलोय." तेव्हा आई डबा उघडून दशमी खात होती आणि मला हातानं खुणावत होती, की ये, दोन घास खाऊन घे. मी गेले. खाल्लेही. चार वाजायला आले तेव्हा मुलाखत संपली. मामाचा तिसरा फोन आला. उन्हाचं मढं ठेवता येईना, लोक घाई करून राहिले, असं तो म्हणाला. मी म्हणाले, "मामा, बस बंद पडलीय. थांबू नका." त्यानंतर आईजवळ गेले आणि सांगितलं, की आजीची तब्येत बिघडलीय, आत्ताच फोन आला होता.

ओढ्यापाशी आईनं मामाला विचारलं तेव्हा मामानं एकदा माझ्याकडं बघितलं होतं. तेवढ्यात त्याला सगळं कळलं असणार. तरी तो गप्प राहिला. नोकरी मला मिळाली. त्याच नोकरीवर आमचं घर उभं राहिलं. वर्गात खोटं बोलणारं पोर मी चेहऱ्यावरून ओळखते, याचं शाळेत कौतुक आहे. चाकूर आलं की माझा पाय आपोआप गाडीचा वेग वाढवतो. त्या शनिवारीही तसंच झालं. आई म्हणाली, "हळू चालव की. कुठं पळून चाललीस?"

आम्ही पोचलो तेव्हा मामा आधीच येऊन बसला होता. एसटीनं आला होता, फाट्यावर उतरून पायी. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेला, पांढरा सदरा, गुडघ्याशी एक कापडी पिशवी. पिशवीतून हरभऱ्याचे डहाळे बाहेर आले होते. आईला लहानपणापासून ओले हरभरे आवडतात. तो उठायला लागला, पण त्याला एकदम उठता येईना. त्यानं भिंतीवर हात टेकवला. आईनं ते बघितलं. चौदा वर्षांत तो इतका वाळलाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती गाडीच्या दाराशीच उभी राहिली.

मालकीणबाई पन्नाशीच्या. हात पिठाचे, पदर खोचलेला. त्यांनी बाहेर येऊन एका नजरेत आमच्याकडं बघितलं आणि मामाला म्हणाल्या, "बहीन हाय वाटतं तुमची. सारकं नाक हाय." मग ओसरीच्या कोपऱ्यातल्या रांजणाकडं बोट दाखवून मला सांगितलं, "बाई, एक नेम हाय हितला. रांजनातलं पानी आपल्या हातानं घ्यायचं न्हाई. जवळ कुनी असंल त्याला मागायचं. ज्येचं त्येनं घेतलं की हात बुडत्यात, पानी खराब व्हतंय. माझ्या सासऱ्यानं घालून दिलेला नेम हाय."

मी मान डोलावली. समोर नजर जाईल तिथवर पाणी पसरलेलं होतं, आणि या घरात ते कुणाला तरी मागून प्यावं लागत होतं.

आणि मग मालकीणबाईंनी जे केलं ते आपल्याकडची कुठलीही चांगल्या मनाची बाई करेल. गुळाचा खडा बशीत ठेवला, ओगराळं मामाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "द्या बहिनीला पानी. भावासारका भाऊ असल्यावर मी कामून देऊ?"

मामानं ओगराळं रांजणात सोडलं. ग्लास भरला. दोन्ही हातांनी धरून आईसमोर केला.

"माझं पाणी गाडीत हाय," आई म्हणाली.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. "आमच्या पान्यात काई खराबी हाय का बाई?"

"तसं न्हाई. मला औषधं चालू हायत." आई खोटं बोलते तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा करते. तिनं तो केला. मामा तो ग्लास घेऊन खाली बसला आणि स्वतःच प्यायला. बसून, हळूहळू, शेवटच्या घोटापर्यंत. मला वाटलं, ही जागा निवडून मी चूक केली. ना तुझं ना माझं अशी जागा आपल्याकडं नसतेच. कुठल्याही ओसरीवर दोन माणसं बसली, की कुणीतरी येतं आणि त्यांचं नातं लावून देतं.

दिवस मावळायला जेवणं झाली. आम्हा तिघांची एकच पंगत होती. ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी, कारळाची चटणी. आईनं सगळं खाल्लं. मालकीणबाईंच्या हातचं तिला चालत होतं. पण पाणी तिनं कॅनमधलंच प्यायलं. बोलायचं असलं की ती मालकीणबाईंशी बोलायची आणि मामानं ते ऐकायचं, अशी व्यवस्था आपोआप लागली. "आमच्या गावाकडं करडई यंदा कशी आली असंल कुणास ठाऊक," ती मालकीणबाईंना म्हणाली. त्या बिचाऱ्या कुठून सांगणार? मामा ताटाकडं बघत म्हणाला, "बरी हाय. माव्याची कीड पडली व्हती, पन बरी हाय." आईनं ते ऐकलं आणि पुढचा घास घेतला.

डहाळ्यांची पिशवी ओसरीवर तशीच राहिली.

रविवारी सकाळी मी उतारावरून पाण्याकडं गेले तर मामा आधीच तिथं होता. पाण्यावर धुकं होतं. त्यातून एक मासेमारी करणारा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत जाळं गोळा करत होता. मामा त्याच्याकडं बघत बसला होता. मी शेजारी बसले. मला काय बोलायचंय ते मी रात्रभर जुळवलं होतं, पण त्यानं आधी तोंड उघडलं.

"तू काई बोलू नको. मी माफी मागतो, मिटून जाईल."

"मामा, तुमची चूक नसताना..."

"माझे दिस किती ऱ्हायले? माझ्या नावावर असलं काय, नसलं काय. तुला तिच्यासंगं जलम काढायचाय."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्या, आजारी माणसानं माझं ओझं पुन्हा एकदा स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. "उठा, चहा झाला असेल," असं म्हणून मी त्याला हाताला धरून वर आणलं. चढावर तो तीनदा थांबला.

दहाच्या सुमाराला आई ओसरीवर बसली होती. मालकीणबाई आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मामा आईसमोर येऊन बसला आणि त्यानं हात जोडले. मोठ्या भावानं धाकट्या बहिणीसमोर हात जोडलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"बाई, चुकलं माझं."

आईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं. "काय चुकलं?"

"थांबायला पायजे व्हतं तुझ्यासाठी."

"मग कामून थांबला न्हाईस?"

मामानं जोडलेले हात खाली घेतले.

"चौदा वर्षं मी हेच स्वतःला विचारून राहिले, दादा. तू मला खांद्यावर घेऊन शाळेत नेलंस. पाय भाजतील म्हणून खाली उतरू दिलं न्हाईस. असा माणूस एक घंटा थांबत न्हाई, ह्याला काहीतरी कारण असंल. मी लई शोधलं. तूच सांग. कसलंबी कारण सांग, मी आत्ता तुझ्या हातचं पाणी पिते."

मला वाटलं, आता तो काहीतरी सांगेल. भावकीनं ऐकलं नाही म्हणेल, ऊन होतं म्हणेल. पण मामाला खोटं बोलता येत नाही. त्याला फक्त गप्प राहता येतं. तो फरशीकडं बघत म्हणाला, "कारन काई न्हाई."

याहून वाईट उत्तर नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच ते आटलंही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल गं," ती मला म्हणाली. "पिशव्या भर. कारण नसताना माझी माय जाळली ह्यानं."

मामानं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको, असं. ओढ्यापाशी बघितलं होतं तसंच. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, आता अडतीस वर्षांची आहे, आणि तो अजूनही मला वाचवत होता. त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. हा माणूस असाच गावी जाईल आणि एक दिवस फोन येईल, हे मला स्वच्छ दिसलं.

"आई, मामा थांबला होता," मी म्हणाले. "मीच सांगितलं, थांबू नका म्हणून."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. अकराचा फोन, दीडचा फोन, चाकूर, बंद न पडलेली बस. मध्ये कुठंतरी आतला भाकरीचा आवाज थांबला होता. आई उभीच होती. शाळेत पोरांची उलटतपासणी मी करते, तशी तिनं माझी केली. आवाज अजिबात चढला नाही.

"पहिला फोन किती वाजता?"

"अकराला."

"मी कुठं होते?"

"बाकावर. व्हरांड्यात."

"दीड वाजता?"

मी मामाकडं बघितलं. तिनं पुन्हा विचारलं, "दीड वाजता मी काय करत होते?"

"डबा खात होतीस."

आई अगदी हळू म्हणाली, "दशमी होती. शेंगदाण्याची चटणी होती. माझी माय अंगणात पडलेली, अन् मी जेवले. तुला हाका मारून मारून जेवू घातलं." तिनं तोंडावर पदर घेतला. चौदा वर्षांपूर्वी ओढ्यापाशी जे आलं नव्हतं ते रडं तिला आत्ता आलं. मी पुढं झाले, पण तिनं हात आडवा केला. मला ढकललं नाही, फक्त माझी वाट अडवली.

मग ती मामाकडं वळली. "तुला ठाऊक होतं. तू कामून बोलला न्हाईस?"

मामा म्हणाला, "तुझी माय गेली व्हती, बाई. त्याच दिवशी लेकबी घालवू का तुझी?"

आई खाली बसली. त्याच्या समोर नाही, शेजारी. मालकीणबाई दारात आल्या, आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता परत आत गेल्या. त्यांचे मी अजून आभार मानलेले नाहीत. शेवटी आईनं नाक पुसलं आणि म्हणाली, "दादा, पाणी दे."

मामाला उठायला वेळ लागला. मी उठवायला गेले नाही. रांजणावरचं झाकण काढून त्यानं ओगराळं आत सोडलं. ग्लास भरून आणला. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग म्हणाली, "अजून दे." त्यानं अजून दिलं. तिसऱ्यांदाही दिलं. इतकं पाणी ती एका वेळी कधी पीत नाही.

दुपारपर्यंत दोघं डहाळे सोलत बसले. घाटे एका सुपात, पाला एका बाजूला. ते गावातल्या माणसांबद्दल बोलत होते, कोण गेलं, कुणाचं लग्न झालं. आई एकदा हसलीसुद्धा. मी थोड्या अंतरावर बसले होते. मला तहान लागली होती. रांजण चार हातांवर होता, पण त्या घरात स्वतःच्या हातानं घ्यायचं नव्हतं आणि मागावं कुणाला हे मला कळत नव्हतं. शेवटी आत जाऊन मालकीणबाईंना मागितलं. त्यांनी दिलं. "प्या बाई," म्हणाल्या, आणि पिऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या.

निघायच्या वेळी मी म्हणाले, "मामा, तुम्हाला गावी सोडते आणि मग आम्ही जातो."

आई म्हणाली, "मी जाते दादासंगं. चार दिवस राहीन. आम्हाला लोह्याला सोड, तिथून मुखेडची बस मिळंल."

"मी सोडते ना गावापर्यंत."

"कशाला?" ती म्हणाली. "उद्या तुझी शाळा हाय."

एवढंच म्हणाली. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. कदाचित तिनं ते काळजीनंच म्हटलं असेल. मी अजून ठरवू शकलेले नाही. लोह्याच्या स्टँडवर मी दोघांना उतरवलं. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईनं पिशवी घेतली, सोललेल्या हरभऱ्याची पुरचुंडी घेतली. कॅन मागच्या सीटवर राहिला. तळाशी घरचं पाणी तसंच होतं. "आई, कॅन," मी म्हणाले. "राहू दे," ती म्हणाली, "तिथं पाणी हाय." बस लागलेली होती. तिनं आधी मामाला वर चढवलं आणि मग स्वतः चढली. खिडकीशी बसल्यावर ती त्याच्याकडं तोंड करून काहीतरी सांगत होती. मी बस निघेपर्यंत थांबले.

अहमदपूर गेलं. कॅनमधलं पाणी प्रत्येक वळणावर मागं डचमळत होतं. चाकूर जवळ आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझा पाय वेग वाढवायला गेला नाही. मी हळू चालवत होते. फोन वाजला. स्क्रीनवर 'मामा' असं नाव होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि फोन उचलला.

आईचा आवाज होता. तिच्या फोनची बॅटरी संपली असावी. मागं बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी तिला आत बोलावत होतं. ती घरी पोचली होती. चौदा वर्षांनी.

"कुठवर आलीस?" तिनं विचारलं.

"चाकूरपर्यंत आलेय."

पलीकडं बायकांचे आवाज लांब गेले. ती फोन घेऊन अंगणात आली असावी.

"चाकूरलाच हायेस का?" तिनं विचारलं.

"हो, आई."

तिनं फोन ठेवला नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या उजव्या हाताला एसटी स्टँड होतं. आत माईकवरून घोषणा चालू होती, की चाकूरहून लातूरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. मी काच खाली केली आणि फोन खिडकीबाहेर धरला. घोषणा दोनदा झाली. दोन्ही वेळा पूर्ण होईपर्यंत मी हात तसाच बाहेर ठेवला.